चार पैंचा हिशेब : शाळाखर्च आणि करदाता यांच्या संबंधाचा इतिहास

पश्चिम हिंदुस्थानात शाळेसाठी पट्टी आधी आली. तिचा हिशेब पट्टी भरणाऱ्याला दाखवावा ही कल्पना फार उशिरा आली. या दोहोंमधील अंतर जवळजवळ दीडशे वर्षांचे आहे. या काळात हिशेब ठेवलाच जात नव्हता, असे मात्र नाही. तो काटेकोरपणे ठेवला जात होता, तपासला जात होता, छापलाही जात होता. प्रश्न तो कोणाला उद्देशून लिहिला जात होता, हा आहे. या इतिहासाकडे आजवर शिक्षणप्रसाराचा इतिहास म्हणून पुष्कळ पाहिले गेले. हिशेबाच्या दिशेचा इतिहास म्हणून मात्र क्वचितच पाहिले गेले.

मुंबई इलाख्यात १८५५ साली स्वतंत्र शिक्षणखाते स्थापन झाले. प्रारंभीच्या काळात गावाने शाळेसाठी जागा द्यावी, पंतोजींच्या पगाराचा निम्मा वाटा उचलावा आणि उरलेला भार सरकारने घ्यावा, अशी अंशतः स्वावलंबी शाळांची पद्धत होती. तिच्यात उणिवा पुष्कळ होत्या. गरीब गावे तिच्या वाटेस जात नसत. जी जात त्यांची वर्गणी वेळेवर जमत नसे. पण एक गुण तिच्या अंगी आपोआपच होता. पंतोजींना किती मिळाले, केव्हा मिळाले, शाळेचे छप्पर कोणी शाकारले, हे गावाला ठाऊक असे, कारण पैसा गावातून निघे आणि गावातच खर्च होई. त्यासाठी वेगळा अहवाल लागत नसे.

ही पद्धत मोडली ती १८६३ च्या सुमारास सुरू झालेल्या लोकल फंडाच्या पट्टीने. शेतसाऱ्याच्या दर रुपयावर एक आणा जादा घ्यावयाचा, त्यातील दोन तृतीयांश रस्ते व इतर सार्वजनिक कामांना आणि एक तृतीयांश शाळांना द्यावयाचा, असा तिचा ठराव होता. आरंभी या पट्टीला कायद्याचा आधार नव्हता. ती लोकांच्या संमतीने घेतली जाते, असे म्हटले जाई. ही संमती कशी मिळविली जात असेल याची कल्पना गावकामगारांचा त्या काळचा दरारा ठाऊक असणाऱ्यास सहज येईल. १८६९ च्या तिसऱ्या कायद्याने तिला रीतसर अधिष्ठान मिळाले.

आणा म्हणजे बारा पै. त्याचा तिसरा हिस्सा चार पै. चोवीस रुपये सारा भरणारा कुणबी दीड रुपया लोकल फंडाचा देई आणि त्यातील आठ आणे शाळेचे असत. कुलकर्ण्याच्या दप्तरात त्याच्या नावापुढे ही रक्कम पडे. येथवरचा हिशेब गावात होता. पुढे तो पैसा तालुक्याच्या कचेरीत जाई, जिल्ह्याच्या फंडात मिसळे, आणि जिल्हाधिकारी ज्यांचे अध्यक्ष व सरकारने नेमलेले गृहस्थ ज्यांचे बहुतांशी सभासद, अशा समित्यांच्या नावाने खर्च पडे. वर्षअखेर शिक्षणखात्याच्या संचालकांचा अहवाल इंग्रजीत छापून निघे. त्यात जिल्हावार शाळा, विद्यार्थी, फी, फंडाचा वाटा, सरकारी वाटा आणि दर विद्यार्थ्यामागील खर्च असे सारे तपशील असत. आजच्या संशोधकाला हे अहवाल म्हणजे मोठीच ठेव आहे. परंतु ज्याच्या आठ आण्यांतून ती आकडेवारी उभी राहिली, त्याच्या गावातील शाळेवर काय खर्च झाला हे त्यात सापडत नाही. भरणा गावाच्या नावाने आणि खर्च जिल्ह्याच्या नावाने, अशी ही मांडणी होती. पट्टीने शाळांची संख्या वाढली हे निःसंशय. आणि त्याच पट्टीने गाव व शाळा यांमधील हिशेबाचा धागाही तोडला.

या तुटलेल्या धाग्याचा परिणाम केवळ मानसिक नव्हता. शेतसारा भरणारे खेड्यात राहत. शहरांतील व्यापारी, वकील आणि नोकरदार यांचा मोठा भाग सारा भरीत नसे आणि म्हणून फंडाची पट्टीही त्याला लागत नसे. तरीही फंडातून शहरांतील शाळांवर खर्च होत होता. ही तक्रार पुढे इतकी ठळक झाली की १८८२ साली नेमलेल्या हंटर आयोगाला खेड्यांचा व शहरांचा शाळानिधी स्वतंत्र ठेवावा अशी शिफारस करावी लागली. खेड्यांचा पैसा शहरांनी ओढून नेऊ नये, हा तिचा उघड हेतू होता. सय्यद नुरुल्ला यांच्यासह हिंदुस्थानातील शिक्षणाचा इतिहास लिहिणारे जे. पी. नाईक यांनी या शिफारशीचे महत्त्व नेमके ओळखले होते. कोल्हापूर संस्थानातील एका खेड्यातून आलेल्या या अभ्यासकाच्या दृष्टीला पैशाची वाट शोधण्याची सवय होती.

याच आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी सर्वश्रुत आहे. परंतु निवेदनाचा पाया आर्थिक आहे, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. सरकारच्या तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः रयतेच्या घामातून येतो. वरिष्ठ वर्गांचा त्यातील भाग अल्प आहे. तरीही सरकारचा शिक्षणखर्च त्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे झुकलेला आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. पैसा कोणाकडून आला आणि कोणावर खर्च झाला, हे दोन रकाने त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. संचालकांच्या अहवालात यांपैकी दुसरा रकाना अर्धवट होता आणि पहिला मुळीच नव्हता. जोतीराव १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सार्वजनिक पैसा कसा मंजूर होतो आणि कसा वळतो, हे त्यांनी आतून पाहिले होते. पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’मध्येही लोकल फंडाची पट्टी त्यांच्या टीकेतून सुटली नाही.

मराठी सुशिक्षितांचा दुसरा प्रवाह याच सुमारास सरकारी आकडेवारी वाचण्याची विद्या आत्मसात करीत होता. १८७० साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेचे त्रैमासिक १८७८ पासून निघू लागले. न्यायमूर्ती रानडे यांच्या भोवती जमलेल्या मंडळींत गणेश व्यंकटेश जोशी हे एक विलक्षण गृहस्थ होते. सरकारी शाळेतील हा शिक्षक सरकारी जमाखर्चाची पुस्तके इतक्या बारकाईने वाचीत असे की गोपाळ कृष्ण गोखले यांच्या अर्थसंकल्पावरील भाषणांमागे त्यांच्या आकड्यांचा आधार असे. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली होती, मत देण्याची नव्हे. गोखल्यांनी त्या मुभेचे सोने केले. १९११ च्या मार्चमध्ये त्यांनी मांडलेल्या प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकात स्थानिक संस्थांना शिक्षणासाठी कर बसविण्याची तरतूद होती आणि खर्चाचा दोन तृतीयांश भार सरकारने व एक तृतीयांश स्थानिक संस्थेने उचलावा, अशी वाटणी अभिप्रेत होती. १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले.

या प्रवाहाचे ऋण मान्य करूनही त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. सभेचे त्रैमासिक इंग्रजी, गोखल्यांची भाषणे इंग्रजी आणि ज्यावर टीका करावयाची तो अहवालही इंग्रजी. सरकारचा हिशेब सुशिक्षितांनी तपासला आणि सुशिक्षितांनाच समजावून सांगितला. चार पै देणारा या संवादात विषय म्हणून होता. श्रोता म्हणून नव्हता.

१८८४ च्या लोकल बोर्ड कायद्याने तालुका आणि जिल्हा बोर्डे आली, त्यांत निवडून आलेले सभासद बसू लागले. १९१८ च्या आणि विशेषतः १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने शाळांचा कारभार स्थानिक संस्थांकडे व त्यांच्या शाळा मंडळांकडे गेला. आता हिशेब जवळ येणार, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु बोर्डाची निवडणूक मूठभर मतदारांची आणि बोर्डावर जाणारी माणसे गावातील प्रबळ घराण्यांची. हिशेब जवळ आला तो त्यांच्या.

ही गोष्ट ज्यांनी आकड्यांनिशी उघड केली ते डॉ. भीमराव आंबेडकर. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा प्रबंध १९२५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला होता. म्हणजे १९२७ साली ते मुंबई कायदेमंडळात आले तेव्हा प्रांताची जमाखर्चाची पुस्तके त्यांना सभागृहातील बहुतेकांपेक्षा अधिक परिचयाची होती. १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे समोरासमोर मांडले. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते. ज्या वर्गांकडून दारूचे उत्पन्न अधिक येते त्यांच्याच मुलांना शाळेची वाट बंद असावी, यातील विसंगती कोणालाही कळावी इतकी ही मांडणी सोपी होती. पण ते सरासरीपाशी थांबले नाहीत. पुढारलेले हिंदू, मुसलमान, मध्यम वर्ग आणि मागासलेले वर्ग अशी विभागणी घेऊन लोकसंख्येतील क्रम आणि शिक्षणातील क्रम यांची त्यांनी तुलना केली. पुढच्याच वर्षी सायमन आयोगापुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या निवेदनातही हीच पद्धत दिसते. दरडोई १४ आणे हा आकडा खरा असूनही तो कोणाच्या डोईवर किती पडला हे सांगत नाही. हिशेब खुला असूनही मुका असू शकतो, हे येथे प्रथम स्पष्ट झाले. जोतीरावांचे दोन रकाने पंचेचाळीस वर्षांनी भरले गेले, असे म्हणावयास हरकत नाही.

स्वातंत्र्योत्तर काळाचा आढावा थोडक्यात घेता येतो, कारण रचना बदलली तरी दिशा फारशी बदलली नाही. १९४७ च्या कायद्याने शिक्षणावरील सरकारी नियंत्रण पुन्हा घट्ट झाले. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. लेखापरीक्षणाची व्यवस्था होतीच. १९३० च्या कायद्यापासून चालत आलेल्या ‘स्थानिक निधी लेखापरीक्षा’ या नावात जुना लोकल फंड अजूनही जिवंत आहे. शाळाखर्चाचा सर्वांत मोठा भाग असलेले शिक्षकांचे पगार राज्याच्या अनुदानातून येत असल्याने तो खर्च गावाच्या दृष्टीस पडत नाही. गावाला दिसतो तो खडू, रंग आणि दुरुस्तीचा.

नागरी महाराष्ट्रातील एक वेगळी गुंतागुंत येथे नोंदविली पाहिजे. १९६२ च्या महाराष्ट्र शिक्षण उपकर कायद्याने शहरांतील मालमत्तांवर राज्याचा शिक्षणकर बसला. पुढे त्यास रोजगार हमी कराची जोड मिळाली. हा कर आकारला जातो नगरपालिकेच्या घरपट्टीच्या बिलात, वसूल करते नगरपालिका आणि तो जमा करावयाचा असतो राज्याच्या तिजोरीत. बिलावर ‘शिक्षणकर’ हा शब्द वाचणारा नागरिक आपण कोपऱ्यावरच्या पालिकेच्या शाळेसाठी पैसे देत आहोत अशा समजात असतो. मुंबईत तर महापालिकेचा शिक्षण उपकर आणि राज्याचा शिक्षण उपकर असे दोन रकाने एकाच बिलात आले. मुंबई महापालिकेने शिक्षणाचा अर्थसंकल्प ‘ई’ या अक्षराने अनेक वर्षे स्वतंत्र मांडला, ही त्यातल्या त्यात उजवी बाजू. निदान एका रकान्याचा पैसा कोणत्या पुस्तकात शोधावा हे तरी कळत होते. २००४ साली केंद्रानेही करांवर दोन टक्के शिक्षण अधिभार बसविला. त्यासाठी ‘प्रारंभिक शिक्षा कोश’ २००५ मध्ये निर्माण झाला. २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का आला, त्याच्या कोशाला मात्र २०१७ पर्यंत मंजुरी मिळाली नव्हती आणि भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवले. २०१८ मध्ये हे दोन्ही अधिभार जाऊन आरोग्य व शिक्षण असा चार टक्क्यांचा एकत्रित अधिभार आला. पट्टीला शाळेचे नाव देणे सोपे असते, हे १८६३ पासून दिसतच आले होते.

हिशेबाची दिशा कायद्याने बदलली ती माहितीच्या अधिकाराने. अण्णा हजारे यांच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रात २००२ मध्ये परिणामकारक कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभर केंद्रीय कायदा लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपला अर्थसंकल्प व खर्च कोणी न विचारताच प्रसिद्ध करावा, असे बंधन घातले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने तीन चतुर्थांश पालक असलेल्या शाळा व्यवस्थापन समितीकडे अनुदानाच्या वापरावर देखरेख सोपविली. याच वर्षापासून ‘पैसा’ या नावाच्या पाहणीने शाळांना मिळावयाची अनुदाने खरोखर पोचली काय आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात पोचली, हे शाळाशाळांतून विचारण्यास आरंभ केला. हे विचारणे साधे वाटते, पण त्यामागे मोठे स्थित्यंतर होते : मोजण्याचे माप जिल्हा न राहता शाळा झाले. युगांडात १९९० च्या दशकात असाच प्रयोग झाला होता. तेथे सरकारने पाठविलेल्या शाळा-अनुदानाचा जेमतेम १३ टक्के भाग शाळांपर्यंत पोचत होता, असे १९९१ ते १९९५ या काळाच्या पाहणीत आढळले. त्यानंतर रकमा वृत्तपत्रांत व शाळांच्या फलकांवर प्रसिद्ध होऊ लागल्या आणि २००१ पर्यंत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर गेले. या सुधारणेचे सारे श्रेय प्रसिद्धीला द्यावे काय, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत पुढे वाद झाला, आणि तो योग्यच होता.

नागरी हिशेबाच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राबाहेर, बंगळुरात, अधिक लक्षणीय प्रयत्न झाला. म्हैसूर संस्थानाची वाट मुंबई इलाख्याहून निराळी होती. १८६८ मध्ये बी. एल. राइस यांच्या योजनेनुसार तेथे होबळी शाळा निघाल्या, १९१३ मध्ये प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला आणि १९४१ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडून पुन्हा सरकारने आपल्याकडे घेतल्या. त्यामुळे बंगळुरात पालिकेच्या शाळा थोड्या आणि राज्य सरकारच्या पुष्कळ, अशी स्थिती राहिली. २००२ च्या जुलैमध्ये पब्लिक अफेअर्स सेंटर, अक्षरा फाउंडेशन, व्हॉइसेस आणि जनाग्रह या चार संस्थांनी ‘प्रूफ’ नावाची मोहीम हाती घेतली. बंगळूर महानगर पालिकेने खाजगी कंपनीप्रमाणे दर तीन महिन्यांनी आपला जमाखर्च आणि ताळेबंद नागरिकांपुढे ठेवावा आणि त्यासोबत कामगिरीचे निर्देशकही द्यावेत, ही तिची मागणी होती. पालिकेने नुकतीच द्विनोंदी लेखापद्धती स्वीकारली असल्याने ती पुरी करणे शक्य होते. या चौघींपैकी अक्षरा ही प्राथमिक शिक्षणात काम करणारी संस्था असल्याने पालिकेच्या शाळांचाही विचार त्यात झाला. नागरिक आणि पालिकेचे अधिकारी एका सभागृहात बसून तिमाही आकड्यांवर बोलत आहेत, हे दृश्य देशाला नवीन होते. पुढे २००५ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानाने अशा प्रकटीकरणाचा कायदा करणे राज्यांवर बंधनकारक केले.

शहराच्या पूर्वेस असलेले के. आर. पुरम या प्रयोगाच्या बाहेर होते. त्याची स्वतंत्र नगरपालिका होती आणि बंगळूर महानगर पालिकेचे तिमाही पत्रक तिला लागू नव्हते. लोहमार्ग आणि नव्याने वाढणारे माहिती तंत्रज्ञानाचे उद्योग यांमुळे तेथे झपाट्याने वस्ती होत होती. नोकरीनिमित्त आलेल्या परप्रांतीय कुटुंबांची, त्यांत मराठी कुटुंबांचीही, त्या बाजूस भर पडत होती. २००७ मध्ये अशा सात नगरपालिका, एक लहान नगरपालिका आणि शंभराहून अधिक गावे मिळून बृहत् बंगळूर महानगर पालिका झाली, तेव्हा के. आर. पुरमचा करदाता शहराच्या जमाखर्चात आला. परंतु त्याच्या परिसरातील सरकारी शाळा त्या जमाखर्चात आल्या नाहीत, कारण त्या पालिकेच्या नव्हत्याच. २००१ पासून कर्नाटकातील प्रत्येक सरकारी शाळेस शाळा विकास व देखरेख समिती होती. शाळेच्या हाती येणाऱ्या अनुदानाचा हिशेब तिच्यापुढे मांडता येत होता. पगाराचा आकडा मात्र तिच्या कक्षेपलीकडे राज्याच्या अर्थसंकल्पात राहिला. एकाच शाळेवरील खर्च जाणून घेण्यास घरपट्टीची पावती उपयोगी नव्हती आणि समितीचे वहीखातेही पुरे नव्हते. ‘प्रूफ’ने उघडलेला हिशेब पालिकेचा होता, शाळेचा नव्हता, ही त्या स्तुत्य प्रयत्नाची मर्यादा शहराच्या कडेवरच्या या वस्तीतून अधिक स्वच्छ दिसते.

२०२५ च्या सप्टेंबरात बृहत् महानगर पालिकेच्या जागी ग्रेटर बंगळूर प्राधिकरणाखाली पाच महानगरपालिका आल्या आणि के. आर. पुरमचा समावेश बंगळूर पूर्व महानगरपालिकेत झाला. वीस वर्षांच्या आत तेथील घरपट्टी तिसऱ्या खातेवहीत जमा होऊ लागली. या तिन्ही खातेवह्यांच्या काळात तेथील सरकारी शाळांतील शिक्षकांचा पगार राज्याच्या शिक्षणखात्याकडूनच, इतर हजारो शाळांच्या पगारासह एका आकड्यात मिळून येत राहिला.